मिठागरच्या नावाने चालू ठेवलेली तार

मामा बोलायच्या आधी खाकरतो. एकदा नाही, दोनदा. पहिलं खाकरणं घशासाठी, दुसरं समोरच्याला कळावं म्हणून, की सावध व्हा, वाक्य येतंय. आई म्हणते, अकरा वर्षं एकटा टेकडीवर राहिलेल्या माणसाचा घसा असाच असणार. बरेच दिवस बंद असलेला नळ सोडला की आधी नुसती हवा येते, मग पाणी, तसा.

टेकडीवर एक टॉवर, टॉवरला ढोलाएवढ्या डिश, आणि खाली दोन खोल्या. एका खोलीत यंत्रं, दुसरीत मामा. यंत्रांच्या खोलीला एसी, मामाच्या खोलीला पंखा. आईने एकदा हे पाहिलं आणि तिथल्या तिथे सुरू झाली, "दादा, तुझ्यापेक्षा त्या कपाटांची बडदास्त बरी आहे की!"

मामा खाकरला, खाकरला, आणि म्हणाला, "त्यांना ताप आला तर नऊ ठिकाणचे फोन जातात. मला आला तर एक गोळी जाते."

नऊ ठिकाणं म्हणजे नऊ मोबाइल स्टेशनं. आसपासच्या नऊ जागी लहान टॉवर होते. त्यांच्याशी लोकांचे फोन बोलायचे, आणि त्या नवांचं सगळं बोलणं गोळा होऊन टेकडीवर यायचं. टेकडीवरच्या सगळ्यात मोठ्या डिशमधून ते हवेतून चौतीस किलोमीटर पार करून समुद्राकाठी गोदीतल्या डिशवर पोचायचं, आणि तिथून पुढे जगभर. हवा स्वच्छ असली की टेकडीवरून गोदीतल्या क्रेन दिसायच्या, काड्यापेटीतल्या काड्यांएवढ्या.

त्या क्रेनच्या मागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दुसरं टोक सांभाळायला एक बाई होत्या. त्यांचं नाव मामाला माहीत होतं. हजेरीच्या कागदावर छापलेलंच होतं. पण ते त्याने कधी घेतलं नाही. त्या 'गोदी' आणि हा 'टेकडी'.

या दोघांमध्ये एक फोन होता. नंबर नसलेला, यंत्राच्याच पोटातला. रेडिओच्या कपाटाला एक काळा हँडसेट लटकवलेला असायचा. तो उचलून बटण दाबलं की समोरच्या टोकाला बेल वाजायची. बस. तिसरीकडे कुठे तो लागतच नसे. डिश फिरवताना, तारा तपासताना (हवेतून जाणाऱ्या वाटांनाही इथे तारच म्हणतात) दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कंपनीने दिलेली ही सोय. तिला ऑर्डरवायर म्हणतात. नाव असं, की जणू काही त्यावरून हुकूम सुटतात. सुटायचं ते हे:

"हॅलो गोदी."

"बोला टेकडी."

"चार नंबरची तार जरा बघता का, दिवा लाल होतोय."

"बघते. तुमच्याकडे वारा आहे का हो? आवाज घुं घुं येतोय."

"आहे की. पत्रा उडतोय शेडचा."

"मग दगड ठेवा ना त्यावर."

"ठेवलाय. दगडासकट उडतोय."

"अगंबाई! मग तुम्हीच बसा जाऊन त्याच्यावर."

गोदीबाईंचं 'अगंबाई' ऐकण्यासारखं होतं. 'अगं' खाली आणि 'बाई' एकदम वरच्या मजल्यावर. कडक इस्त्रीचा आवाज, पण हसल्या की इस्त्री जायची. त्या मामाला 'अहो टेकडी' म्हणायच्या, आणि आमच्या घरात काही वर्षं तो विनोदाचा विषयच झाला होता. मामा पंधरवड्यातून एकदा जेवायला यायचा, आणि ताट वाढता वाढता आई म्हणायची, "अहो टेकडी, भात घेणार?" मामाचे कान लाल.

"अरे, भेट तरी एकदा त्यांना. चौतीस किलोमीटर म्हणजे काय दुसरा देश आहे?"

"भेटून काय करू?"

"जे फोनवर करतोस ते!"

"फोनवर तार तपासतो," मामा म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं. आधी तार तपासायची, मग बोलायचं. तार नीट असली तर ती नीट आहे हे कळवायचं, मग बोलायचं. टेकडीवर दुसरा माणूस नव्हता. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि टँकरवाला गाडीचं इंजिन बंदसुद्धा करत नसे.

मग आले बेसिकली साहेब.

साहेबांचं हे नाव मामाने ठेवलं नाही, त्यांनी स्वतःच कमावलं. पहिल्या भेटीत, टेकडीवर धापा टाकत पोचल्यावर त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "बेसिकली... पाणी."

पाणी प्यायल्यावर त्यांनी मामाला समजावलं. मामाला ते आधीच माहीत होतं, पण समजावून घेतलं. "बेसिकली, मामा, तुमची जुनी पद्धत कशी आहे? सोळा तारा. प्रत्येक तारेत ठरावीक जागा. कोणी बोलो न बोलो, जागा राखीव. रिकाम्या खुर्च्या घेऊन गाडी धावतेय. राइट? आता लोक बोलतात कमी, बघतात जास्त. व्हिडिओ, फोटो, सगळं. त्याला या सोळा तारा म्हणजे बेसिकली स्ट्रॉने टाकी भरणं. म्हणून आपण काय करतोय? सगळं एकाच पाइपात. आयपी. जुने फोन, नवे फोन, सगळ्यांची पाकिटं करायची आणि एकाच रस्त्याने सोडायची. ज्याचं पाकीट आलं त्याला जागा. आणि कंट्रोल रूममधून सगळं दिसणार. इथे बेसिकली कोणी बसायची गरजच नाही."

मामा दोनदा खाकरला. "आणि ऑर्डरवायर?"

"ती जुन्या रेडिओबरोबर जाईल ना. आता ग्रुप आहे की! ग्रुपवर मेसेज टाकायचा."

मामाने मान हलवली. साहेबांना वाटलं, होकार आला.

आता इथे ठोक्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्या ठोक्यावरच झालं. मोबाइलचं प्रत्येक स्टेशन एकाच तालात चालावं लागतं. एखादं जरा मागेपुढे झालं, तर गाडीतून जाणाऱ्या माणसाचा फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर जाताना मध्येच तुटतो. जुन्या तारांची एक गंमत होती, ताल त्यांच्यातूनच यायचा. गोदीच्या घड्याळाचा ठोका तारेबरोबर आपोआप नऊ ठिकाणी पोचायचा. पाकिटांना मात्र ताल नसतो. ती कधी लवकर येतात, कधी रेंगाळत येतात. म्हणून नव्या पद्धतीत प्रत्येक स्टेशनच्या छपरावर उपग्रहाकडून ठोका घेणारी एक वाटीएवढी डबी बसवायची, आणि ती बसली की मगच जुनी तार काढायची. जोवर एकही स्टेशन जुन्या ठोक्यावर आहे, तोवर जुना रेडिओ बंद करायचा नाही, असा नियमच होता. त्यासाठी फॉर्म होता, आणि फॉर्मवर दोन्ही टोकांच्या सह्या लागायच्या.

मामाने दोन महिने ते नऊ फॉर्म भरले. डबी बसली, ठोका आला, तार काढली, सही. आठ स्टेशनं झाली. नववं होतं मिठागर. पाणथळीत एकटाच उभा असलेला टॉवर, आजूबाजूला पांढरे वाफे आणि बगळे. तिथली डबी मामाने स्वतः बसवली, स्वतः पाना लावून आवळली, हिरवा दिवा लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. मग टेकडीवर येऊन फॉर्म समोर घेतला आणि 'ठोका कुठून' या रकान्यात लिहिलं: जुन्या तारेवरून.

इतकंच करून भागत नव्हतं. मिठागरकडून तारेचं टोक सुटलं, म्हणजे गोदीत लाल दिवा लागणार. म्हणून मामाने टेकडीवर त्या तारेचं जाणारं आणि येणारं टोक बोटभर वायरने एकमेकांना जोडून टाकलं. याला लूप मारणं म्हणतात. लूप मारला की गोदीकडून जे येतं ते तसंच्या तसं गोदीलाच परत जातं, आणि गोदीतला दिवा खूश राहतो. तपासणीसाठी हे पाच मिनिटांपुरतं करायचं असतं. मामाने ते करून वायरवर चिकटपट्टी लावली.

"हॅलो गोदी."

"बोला टेकडी."

"ते... मिठागरचा ठोका अजून जुन्याच तारेवर ठेवायला लागणार आहे. डबी नीट चालत नाहीये."

तिकडे दोन-तीन बटणं खटखटली. मग गोदीबाई म्हणाल्या, "असेल, असेल. खारी हवा आहे तिथली."

"सही करता ना?"

"पाठवा की. करते."

अशी ती तार राहिली. सोळा तारांपैकी पंधरा काढलेल्या, एक उरलेली, आणि त्या एकीत कोणासाठीही नसलेला ठोका रात्रंदिवस जात होता आणि परत येत होता. तिच्या जिवावर जुना रेडिओ चालू, आणि रेडिओच्या जिवावर काळा हँडसेट.

सात महिने. साहेब दर महिन्याला विचारायचे, "मिठागरचं बेसिकली काय झालं?" आणि मामा म्हणायचा, "बघतोय." आईला मात्र त्याने सगळं सांगून टाकलं, जेवण झाल्यावर, ताटं विसळताना. आमच्या भिंती पातळ आहेत.

आईने नळ बंद केला. मग म्हणाली, "दादा, तू त्यांचा नंबर का नाही घेत?"

"नंबर आहे."

"मग लाव ना फोन!"

"काय म्हणून लावू?"

"म्हणजे?"

"तो फोन वाजला की त्या विचारणार, काय काम होतं. ऑर्डरवायर वाजली की काम असतंच. नसलं तरी असतं." मामाने ताट फडक्याने पुसलं, आणि आधीच पुसून ठेवलेलं दुसरं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

मग तो वादळी दिवस आला. सकाळी अकराच्या सुमारास वाऱ्याने टेकडीखालच्या विजेच्या तारांवर झाड पडलं आणि टेकडीवरची वीज गेली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. बॅटरीची नवी बँक बसवलेली होती, सहा तासांची. डिझेलचा जुना जनरेटर साहेबांनी नुकताच काढून नेला होता, कारण सहा तास म्हणजे बेसिकली भरपूर. पण हे सहा तास नव्या यंत्रापुरते मोजलेले. जुना रेडिओ खाण्याच्या बाबतीत पैलवान होता, एकटा सगळ्या नव्या यंत्रांएवढं, वर थोडं जास्तच खायचा. कागदावर तो बंद व्हायचा बाकी होता, पण हिशेबात त्याला कधीच बंद धरलेलं होतं.

मामाला हे माहीत होतं. रेडिओचं बटण त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं. मिठागरला त्या रेडिओची काडीचीही गरज नव्हती. बटण खाली केलं की नऊच्या नऊ स्टेशनं आरामात संध्याकाळपर्यंत चालली असती.

"अहो टेकडी, वीज आली का?"

"नाही अजून."

"मग ते जुनं बंद करा की आता."

"येईल हो इतक्यात. खाली माणसं दिसतायत झाडाजवळ."

"बॅटरी किती दाखवतेय?"

"आहे."

"आहे म्हणजे किती?"

"आहे, आहे."

तासाभराने पुन्हा तेच. त्यानंतरच्या अर्ध्या तासात तीनदा. गोदीबाईंचा आवाज कडक झाला होता. "ऐका माझं. बटण खाली करा. मी सांगते म्हणून करा. आपण नंतर..."

'नंतर'च्या पुढचं आलं नाही. दिवे गेले, पंखे थांबले, खोलीत इतकी शांतता झाली की मामाला स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. जुनं गेलं आणि त्याच्याबरोबर नवंही गेलं. वीज पाच तासांनी आली. बॅटरी पावणेतीन तासांत संपली होती. मधले सव्वादोन तास नऊ ठिकाणी कोणाचाच फोन लागला नाही. गोदीच्या फाटकावर ट्रकांची रांग लागली, शाळेच्या बसा कुठे अडकल्यात ते आयांना कळेना. आमची आई दारात उभी राहून मोबाइल हवेत धरून हलवत होती, जणू तो थर्मामीटर आहे.

चौकशी मुख्य कार्यालयात. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बाहेरच्या बाकावर आधीपासून एक बाई बसल्या होत्या. लहानखुऱ्या, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. मामा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. पाऊण तास दोघं समोरच्या भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं बघत बसले. मग शिपाई बाहेर आला आणि ओरडला, "टेकडीचे कोण?"

मामा उठला. बाई म्हणाल्या, "अगंबाई."

'अगं' खाली, 'बाई' वरच्या मजल्यावर. मामा वळला. त्याने नंतर आईला सांगितलं, की आवाज त्या बाईंचाच होता, पण तो त्यांच्यात कुठून येतोय ते कळेना. त्याच्या मनात गोदी उंच होती.

"आत जाऊन काही बोलू नका," त्या पटकन म्हणाल्या. "मी सकाळीच लिहून दिलंय."

पण मामा तोवर दारात होता, आणि आत गेल्यावर त्याने ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. डबी चालू होती. लूप मी मारला. फॉर्मवर खोटं मी लिहिलं. बटण मी दाबलं नाही.

बेसिकली साहेबांनी कपाळ चोळलं. "मामा, पण गोदीच्या मॅडमनी लिहून दिलंय की लूप त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. त्यांनी चाचणी सोडली, ती तशीच परत आली, तेव्हाच त्यांनी ओळखलं. आणि कळवलं नाही. म्हणून चूक त्यांची."

मामा उभाच राहिला.

"आता बेसिकली मी लिहू काय? रकाना एक आहे. जबाबदार व्यक्ती, एकवचन." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन दातांत धरलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि शेवटी त्या रकान्यात लिहिलं: दोन टोकांमध्ये समन्वयाचा अभाव.

हे आईला सांगताना मामा हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

बाहेर बाकावर मग दोघं पुन्हा बसले. आता ओळख होती.

"बरं आहे ना?" मामा म्हणाला.

"हो. तुमचं?"

"बरं."

"बस कितीची?"

"तीनची."

"माझी अडीचची."

मग नळकांडं. आत टाइपिंग चालू होतं. मामाने पुष्कळ आठवून बघितलं, पण तोंडावर बोलायचं कसं ते सुचेना. त्या बाईंकडे पाहिलं की गोदी निघून जायची, आणि गोदीशी बोलायचं तर या बाई तिथे बसलेल्या. सव्वादोनला त्या उठल्या, फाइल काखेत घेतली, "येते हं" म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराची दोन माणसं टेकडीवर आली. जुना रेडिओ त्यांनी चाळीस मिनिटांत उतरवला. मामाने लूपची वायर स्वतः काढून दिली. टेकडीवर आता कोणी नसतं, दारं बंद असतात, आणि मामा शहरातल्या कंट्रोल रूममध्ये बसतो, अकरा माणसांबरोबर. समोरच्या पडद्यावर टेकडी म्हणजे एक हिरवा ठिपका. त्या अकरांत एकाला सतत शिंका येतात आणि एक मुलगी दिवसभर फोनवर "हां, हां, नाही, हां" करते. मामा म्हणतो, माणसं चांगली आहेत. खाकरायला मात्र तो अजून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जातो.

गोदीबाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि त्या बहिणीकडे राहायला गेल्या, दुसऱ्या गावी. मामाने दीड महिना जाऊ दिला. मग एका रविवारी दुपारी आमच्या पलंगावर बसून त्याने नंबर लावला. आई स्वयंपाकघरात पातेली न वाजवता उभी राहिली. हे तिला कसं जमलं देव जाणे.

"हॅलो?"

"हॅलो. मी... टेकडी."

तिकडे टीव्ही चालू होता, कोणीतरी मुलाला ओरडत होतं. "हो, हो. बोला. काही काम होतं का?"

"नाही."

"बरं." बँकेतल्या माणसाशी बोलावं तसा आवाज, जपून, घरच्यांनी ऐकला तरी चालेल असा. "तब्येत वगैरे?"

"ठीक. तुमची?"

"ठीक."

मामा ठेवणारच होता. तेवढ्यात त्या हळू म्हणाल्या, "थांबा, गच्चीवर जाते." मग जिन्याच्या पायऱ्या. एकेक पायरी, धाप, कडी काढल्याचा आवाज. टीव्ही मागे राहिला.

"आले," त्या म्हणाल्या.

आणि मग दोघंही काही बोलले नाहीत. तसं त्यात नवं काही नव्हतं. मामाने त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं, की टेकडीवर असताना ते बहुतेक वेळ असेच असायचे. हँडसेट खांद्याला लावून तो तिकडे नोंदी लिहायचा, त्या इकडे आपलं काम करायच्या. तास तास. त्यांची खुर्ची करकरली की ऐकू यायचं, खिडकीतून क्रेनचा भोंगा यायचा. तार उघडी असायची, आणि तीत गोदी असायची.

मोबाइलवर तसं नसतं. बोलणारा गप्प झाला की त्याचा फोन आवाज पाठवायचाच थांबतो, रिकामं कशाला वाहायचं म्हणून. पण कानात अगदीच शुकशुकाट झाला तर माणसाला वाटतं की फोन कट झाला. म्हणून आपला फोनच आपल्या कानात बारीक सरसर तयार करून देतो, अंदाजाने. पलीकडे गच्ची असो, वारा असो, बाई असोत वा नसोत. दुसऱ्या कोणाला हे माहीत नसतं आणि त्याचं काही अडत नाही. मामाला माहीत होतं. त्याने आयुष्यभर तेच काम केलं होतं.

त्याने मिनिटभर ती सरसर ऐकली. मग दोनदा खाकरला.

"आहात ना?"

"आहे."

पुन्हा सरसर. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. स्वयंपाकघरात आईने नाक ओढलं.

"आहात?"

"आहे हो."